राजानं नाव ठेवलं, लोकांनी नावं ठेवली

२४ फेब्रुवारी २०१२. स्टॉकहोमच्या राजवाड्यात मंत्रिमंडळाची खास बैठक भरली आहे. विषय एकच, आदल्या दिवशी पहाटे जन्मलेली राजाची नात. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. स्वीडनमध्ये ते नाव राजा स्वतः सरकारला कळवतो. राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांनी नाव सांगितलं: एस्टेल सिल्विया एवा मेरी. सोबत किताब, ओस्टरगोटलंड प्रांताची डचेस.

तोवर सगळं आनंदीआनंद होतं. युवराज्ञी व्हिक्टोरिया यांचं हे पहिलं बाळ. वडील डॅनियल राजघराण्यातले नव्हेत, लग्नाआधी ते व्यायामशाळा चालवायचे. कॅरोलिन्स्का रुग्णालयात पत्रकारांपुढे उभं राहून त्यांनी मुलीचं वजन आणि उंची सांगितली, ३,२८० ग्रॅम, ५१ सेंटिमीटर, आणि सगळा देश त्यांच्याबरोबर हसला. नाव कळलं आणि त्या हसण्यात कुजबुज मिसळली.

कुजबुज म्हणणंही कमीच. इतिहासलेखक हेरमान लिंडक्विस्ट यांनी तर उघडच नापसंती सांगितली. हे नाव नाइटक्लबच्या राणीला शोभेल, असं त्यांचं म्हणणं. लिंडक्विस्ट म्हणजे कुणी वाटेवरचा टीकाकार नव्हे. व्हिक्टोरिया यांना इतिहास शिकवलेला हा माणूस, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त झोंबलं. पुढे स्वीडनची राणी होणाऱ्या मुलीला जुन्या राण्यांच्या यादीतलं नाव हवं होतं, हा त्यांचा आणि त्यांच्यासारख्या अनेकांचा आग्रह. काहींना एस्टेल फारच फ्रेंच वाटलं, काहींना अमेरिकन. आणि पुष्कळांना ते आवडलंही. छोटं, गोड, जिभेवर सहज बसणारं.

पण ज्या यादीची आठवण करून दिली जात होती, ती आहे तरी केवढी?

स्वीडनवर स्वतःच्या नावानं राज्य केलेल्या स्त्रिया बोटावर मोजण्याइतक्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिन्ही नॉर्डिक राज्यं एका हाती आणणारी मार्गारेटा. सतराव्या शतकातली क्रिस्टिना, जिनं १६५४ मध्ये राजत्याग केला. आणि उलरिका एलेओनोरा, जिनं १७२० मध्ये नवऱ्याला गादी दिली. संपली यादी.

राजांच्या नावांचं प्रकरण तर आणखी गमतीचं. आजचे राजे कार्ल ‘सोळावे’. पण पहिले सहा कार्ल कधी झालेच नाहीत! सोळाव्या शतकात योहानेस माग्नुस नावाच्या आर्चबिशपनं देशाचा भव्य इतिहास लिहिला आणि त्यात कल्पनेतले राजे सढळ हातानं पेरले. पुढच्या कार्लनं ते खरे धरून स्वतःला नववा म्हणवून घेतलं. आकडा तिथून पुढे चालत आला.

आता सध्याच्या घराण्याकडे पाहू. मूळ पुरुष झाँ-बातिस्त बेर्नादोत, दक्षिण फ्रान्समधल्या पो गावचा, नेपोलियनचा सेनापती. १८१० मध्ये स्वीडननं त्याला वारस म्हणून निवडलं, आणि तो कार्ल योहान झाला. त्याच्या बायकोचं, देझिरेचं, देसिदेरिया झालं. मुलाचं नाव मात्र तेच राहिलं: ऑस्कर. हे नाव आलं कुठून? ऑसियनच्या काव्यांतून. अठराव्या शतकात एका स्कॉटिश लेखकानं ही काव्यं प्राचीन म्हणून छापली आणि सगळा युरोप त्यांनी वेडावला. नेपोलियनही त्यातलाच, त्यानंच हे नाव सुचवलं. थोडक्यात, त्या काळी चलती असलेल्या एका साहित्यिक नायकाचं नाव! १८४४ मध्ये तो मुलगा गादीवर बसला, त्याचा धाकटा मुलगा ऑस्कर दुसरा झाला, आणि नाव ‘पारंपरिक’ झालं.

एस्टेल मात्र हवेतून आलेलं नव्हतं, आणि माझ्या मते टीकेच्या गदारोळात हीच गोष्ट मागे पडली. १९२८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या प्लेझंटव्हिल इथं एस्टेल मॅनव्हिल ही उद्योगपतीची मुलगी काउंट फोल्क बेर्नादोत यांची पत्नी झाली. फोल्क हे ऑस्कर दुसरे यांचे नातू. त्यांच्या वडिलांनी राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न करून गादीवरचा हक्क सोडला होता, म्हणून फोल्क राजपुत्र नव्हते. १९४५ च्या वसंतात त्यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश रेडक्रॉसच्या पांढऱ्या बसगाड्या जर्मनीत शिरल्या आणि नाझी छळछावण्यांतले हजारो कैदी बाहेर काढले. तीन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ म्हणून ते पॅलेस्टाइनला गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. एस्टेल विधवा झाल्या, पण स्वीडनमध्येच राहिल्या. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

नावावरची धुसफुस फार टिकली नाही. २२ मे २०१२ रोजी राजवाड्यातल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तोवर एस्टेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ती मुलगीच यायला लागली होती.

मार्च २०१६ मध्ये तिला भाऊ झाला. पुन्हा मंत्रिमंडळ जमलं, पुन्हा राजानं नाव वाचून दाखवलं. ऑस्कर कार्ल ऊलोफ. वा, अस्सल स्वीडिश राजघराण्याचं नाव, असं या खेपेला म्हटलं गेलं.