तांब्याची लाली

(दृश्य: तळहातावर जुनी अंगठी. कॅमेरा अगदी जवळ.)

ही माझ्या आईची अंगठी. लग्नातली, २२ कॅरेटची. वर नक्षी होती, आता बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत लागतं. उलटी करून बघा. तळहाताकडची पट्टी कागदासारखी झाली आहे. आईनं चाळीस वर्षं कळण्याच्या भाकरी थापल्या, विहिरीचा दोर ओढला, राखेनं भांडी घासली, आणि अंगठी कधी काढली नाही. झिजलेलं सोनं राखेबरोबर मोरीतून वाहून गेलं. मागच्या वर्षी पट्टी तुटायला आली, तेव्हा कुठे तिनं ती डबीत ठेवली.

(दृश्य: जळगावचा सराफ बाजार, सकाळ. दुकानांची शटर उघडताहेत.)

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते इथल्या सोन्याच्या कसामुळे. खान्देशात सोनं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घ्यायचं आणि अडीनडीला मोडायचं. कपाशीनं दगा दिला की कपाटातली पोत बाहेर निघते. अशा गावात १८ कॅरेट म्हटलं की लोक नाक मुरडतात. आपल्या भाषेतच ते आहे. सोन्यात दुसरा धातू पडला की ते हीण, आणि हीण असलेलं ते हिणकस.

माझी भाची परिचारिका आहे. गेल्या आखाजीला ती रोझ गोल्डची, म्हणजे गुलाबी सोन्याची, अंगठी घालून आजोळी आली. आईनं तिचा हात धरला, अंगठी उन्हात धरून बघितली आणि विचारलं, "हाई सोनं शे का तांबं शे?"

दोन्ही आहे. १८ कॅरेट म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० मध्ये बहुतेक तांबं आणि थोडी चांदी. १४ कॅरेटमध्ये सोनं ५८५ भाग. तांबं जितकं जास्त, तितकी लाली जास्त. हा रंग वरून चढवलेला नसतो, आरपार तोच असतो. पांढऱ्या सोन्यावर बहुतेकदा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो उतरला की पुन्हा द्यावा लागतो. इथे ती कटकट नाही. चांदीवर किंवा पितळेवर गुलाबी मुलामा दिलेली वस्तू मात्र वेगळी, तिची गल्लत करू नका.

(दृश्य: कारागिराची भट्टी. मुशीत सोनं वितळतंय.)

शुद्ध सोनं फार मऊ. विकर्स मापावर त्याचा कठीणपणा २५ च्या आसपास, तर १८ कॅरेट गुलाबी सोन्याचा १५० च्या वर जातो. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा लहान. तो मध्ये शिरला की सोन्याचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, म्हणून धातू सहज वाकत नाही आणि ओरखडाही खोल जात नाही.

आता कारागिराचा हात बघा. तापवलेल्या पट्टीची लाली जाते न जाते तोच त्यानं ती पाण्यात टाकली. चर्र! हा आवाज महत्त्वाचा आहे. गुलाबी सोनं सावकाश निवू दिलं, तर ४०० अंशांच्या खाली सोन्या-तांब्याचे अणू शिस्तीत रांगा धरतात आणि धातू ठिसूळ होतो. भाचीची पहिली अंगठी अशीच गेली. माप वाढवायला एका दुकानात दिली होती. डाख दिला, म्हणजे धातू वितळवून जोड दिला, आणि तशीच निवायला ठेवली असावी. पंधरा दिवसांत डाखाशेजारून तडकली. पोरगी रडली. पगारातून घेतलेली पहिली वस्तू होती ती. दोष त्या सोन्याचा नव्हता, पण बदनाम तेच झालं. म्हणून माप बदलायचं असेल, डाख द्यायचा असेल, तर रोझ गोल्डवर रोज काम करणाऱ्या कारागिराकडेच जा.

तांब्याचे स्वतःचेही गुण आहेत. जळगावचा मे महिना, पारा ४५ वर. घाम मुरला की कमी कॅरेटचं गुलाबी सोनं काळसर पडतं. ९ कॅरेट लवकर, १४ त्याहून उशिरा, १८ सगळ्यात कमी. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, एवढ्यानं बऱ्याचदा काम भागतं. क्लोरीन मात्र टाळा. ब्लीचिंग पावडर, पोहण्याचा तलाव, दवाखान्यातलं फरशी पुसायचं पाणी, यानं कमी कॅरेटच्या दागिन्याला बारीक तडे जाऊ शकतात, आणि खडा धरणारी नखं आधी दगावतात. भाची ड्युटीवर अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत अडकवते.

आता पैशाचं. दहा ग्रॅमची १८ कॅरेटची वस्तू मोडली तर सोनं साडेसात ग्रॅम, १४ कॅरेटची मोडली तर ५.८५. तांब्याचे पैसे कोणी देत नाही, घडणावळही परत येत नाही. म्हणून अडीनडीसाठी ठेवायचं सोनं गुलाबी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ते रोज अंगावर वापरायला घ्या. परत घेताना काय दर देणार, ते बिलावर लिहून मागा. दागिन्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण, ७५० किंवा ५८५ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की शुद्धता तिथेच दिसते. नुसत्या कसोटीवरच्या रेघेवर जाऊ नका. तांब्यानं रेघ लाल उमटते आणि पिवळ्या सोन्याच्या सवयीचा डोळा फसतो.

(दृश्य: कडुलिंबाच्या झाडाला आखाजीचा झोका. ओट्यावर आई आणि भाची.)

आईच्या बटव्यात एक गिन्नी आहे, तिच्या सासूनं दिलेली. इंग्रजी अमलातलं नाणं, ७.९८ ग्रॅमचं, २२ कॅरेटचं. बाकी हीण तांब्याचं. हातोहात फिरणारं नाणं झिजू नये म्हणून तांबं घालत. भाचीनं अंगठी काढून त्या गिन्नीशेजारी ठेवली. अंगठी जास्त लाल, गिन्नी फिकी, पण झाक तीच.

आईनं दोन्ही बराच वेळ बघितलं. गिन्नी बटव्यात परत टाकली. अंगठी आपल्या रिकाम्या बोटात घातली, आणि पुरणपोळीचं पीठ मळायला आत गेली.