अंडरव्होल्ट केलं, तरी कार्ड तापतंच? उजवीकडचे ठिपके बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच रडगाणं: "दादा, अंडरव्होल्ट केलं, तापमान जिथल्या तिथे." अहो, हलेल कसं? अंडरव्होल्ट म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं, आणि ते झालेलंच नाहीये!

बेसिक पटकन उरकतो. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, तोच ठेवून १०५० मिलिव्होल्टवरून ९०० वर आलात, तर स्विचिंगची (ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्याची) वीज साधारण २६ टक्क्यांनी घटते. कार्ड थंड, पंखे गप्प. पुढे चला.

एनव्हिडियाचं कार्ड धरून बोलतोय; एएमडीवाल्यांनो, तुमचं वेगळं, ओरडू नका. आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर, उघडा, कंट्रोल-एफ दाबा. कर्व्ह आला? कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक, ते त्यातले ठिपके सांगतात; उजवीकडे व्होल्टेज जास्त. आता बहुतेक जण काय करतात, ९०० चा ठिपका उचलून १८०० मेगाहर्ट्झवर ठेवतात आणि अप्लाय. पण त्याच्या उजवीकडचे ठिपके? त्यातले काही १८०० च्या वरच आहेत की! कार्ड तिकडेच पळणार, व्होल्टेजही चढणार. पुढचं दार लावलंत, मागचं सताड उघडं.

म्हणून आधी कोअर क्लॉकचा स्लायडर उणे २०० वर, अप्लाय. अख्खा कर्व्ह खाली बसतो. मग ९०० चा एकच ठिपका १८०० वर, पुन्हा अप्लाय. उजवीकडे सपाट रेघ दिसलीच पाहिजे. डोंगर दिसला, तर चुकलंय. एकाने लिहिलंय, "मी सगळे ठिपके एकेक करून खाली ओढले." बाबा रे, तुझ्या चिकाटीला नमस्कार!

तरी खात्री नाही? गेम लावा आणि व्होल्टेजचा आकडा बघा. ९०० च्या वर गेला, तर परत उजवीकडचे ठिपके. तापल्यावर क्लॉक १७८५ दिसला तर घाबरू नका, तापमानाबरोबर कर्व्ह थोडा सरकतोच.

आणि ते "माझं ८०० मिलिव्होल्टवर चालतं"वाले! दहा मिनिटांच्या बेंचमार्कवर, म्हणजे चाचणीवर? मीही असाच मिरवत होतो. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचा खराखुरा हिशोब करून कार्डला दमवणारा) गेम लावला आणि धाडकन डेस्कटॉपवर. दोन दिवस गेमला शिव्या घातल्या, पुन्हा इन्स्टॉलही केला. शेवटी २५ मिलिव्होल्ट वाढवले, सगळं शांत.

आठवडाभर नीट खेळून होईपर्यंत "स्टार्टअपला अप्लाय"चं बटण दाबू नका. तोवर क्रॅश झालं तरी रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ सेटिंगवर येतं.