फियाट, सहा फेऱ्या आणि चार तापलेले ड्रम

[दृश्य: इरुंगट्टुकोट्टईचा शर्यतीचा ट्रॅक, सकाळी सात. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, पाच फियाट, बॉनेट उघडी. एका गाडीच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं.]

हे फडकं मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडून आलंय. घाटात किंवा मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये फियाट धापा टाकून बंद पडली की टॅक्सीवाला बॉनेट उघडायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचा आणि विडी संपेपर्यंत निवांत उभा राहायचा. इंजिनाला चिकटलेला पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. चेन्नईजवळच्या या ट्रॅकवरही तोच पंप आणि तीच वाफ. इथे फक्त विडी ओढायला वेळ नसतो.

म्हणून फडक्याच्या पुढे जावं लागतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवायचा, त्यावर उष्णतारोधक बाही चढवायची आणि कार्बोरेटरच्या बुडाखाली हायलमचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फायबरचा, जाड ठोकळा घालायचा. तरीही दुपारी बारानंतर फडकं हाताशी असतंच.

[दृश्य: जुन्या कृष्णधवल छायाचित्रांसारखी मांडणी; मग आजचा ट्रॅक.]

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पन्नाशीच्या दशकात कुर्ल्यात फियाट 1100 तयार होऊ लागली. आधी डुक्कर फियाट, मग 1964 ची डिलाइट, पुढे 1974 पासून पद्मिनी. अंगरखे बदलत गेले, आत मात्र तेच चार सिलिंडरचं, 1089 सीसीचं इंजिन. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला उतरली. पण ही गाडी शर्यतीला नवखी नाही. मद्रासजवळ शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, फियाट धावत होत्या. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 चा. एक फेरी 3.717 किलोमीटरची, वळणं बारा.

अधिकृत शर्यतीत उतरायचं तर देशातल्या मोटर शर्यतींची संघटना एफएमएससीआय हिचं स्पर्धा लायसन्स लागतं आणि गाडी वर्गाच्या नियमात बसावी लागते. आज तसं काही नाही. ट्रॅक दिवसभरासाठी घेतलाय, गाड्या मित्रांच्या आहेत आणि नियम आपसात ठरलेले: बॉडी आणि इंजिन फियाटचंच, कार्बोरेटर एक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. निसानचं इंजिन असलेली प्रीमियरची 118 एनई याच घराण्यातली, तरी तिला इथे बंदी. ती आली की बाकीच्यांना फक्त तिचे मागचे दिवे दिसत राहतील.

[दृश्य: चाक उतरवलेलं, ड्रम बाहेर.]

या गाडीत नवशिक्याचा पहिला पैसा इंजिनवर जातो आणि तिथेच चुकतो. मूळ इंजिनाची ताकद चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवर. कितीही खटपट केली तरी त्यात वीस-पंचवीसची भर पडणं कठीण. ब्रेक आणि थंडावा मात्र पहिल्याच फेरीपासून लागतो.

हिशेब करून बघू. आतलं सामान काढलेली गाडी चालकासकट 900 किलो धरा. 120 च्या वेगावरून 60 वर आणायची तर ब्रेकना 375 किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. एवढ्या उष्णतेत साधं लिटरभर पाणी उकळेल. म्हणजे प्रत्येक मोठ्या वळणाला एक चहाचं आधण, आणि आधीचं निवण्याच्या आत पुढचं चढतं.

ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून दाबणाऱ्या शूजपासून दूर जातो. पेडल खाली-खाली जायला लागतं ते यामुळे. त्याच वेळी शूजवरच्या घासणाऱ्या लायनरवर वायूचा पातळ थर तयार होतो, घर्षण घटतं. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: चाकाजवळ शूज ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइलच उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. तीन दुखणी, तीन उपाय. पेडल लांब होऊनही गाडी थांबत असेल तर सत्र संपल्यावर, ड्रम निवल्यानंतर शूज ऍडजस्ट करायचे. पेडल घट्ट असून गाडी थांबत नसेल तर लायनरचा दर्जा बदलायचा. स्पंज झालं तर त्या क्षणी पिटमध्ये यायचं.

डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं असलं की 140 लाच. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईत पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीचं ऑइल तर ऑक्टोबरला टाकूनच द्यायचं. ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा काढणं, सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

जुन्या मास्टरला सर्किट एकच असतं. एका चाकाचं सील गळालं की चारही गेली. इथल्या तीन गाड्यांना दोन सर्किटचा मास्टर बसवलाय, आणि तो बदल नियमांत मुद्दाम मोकळा ठेवलाय. ड्रम मूळचे; पण बॅकप्लेटला भोकं पाडून जाळी लावलीय आणि पुढच्या बंपरच्या जागेतून हवेचे नळ आत नेलेत. लेथवर ड्रम घासून घेताना एका ऍक्सलचे दोन्ही सारख्याच मापाचे करायचे; नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

[दृश्य: लांब उजवं वळण. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा शून्याकडे कलतो.]

हा काटा बघा. लांब वळणात गाडीवर वजनाच्या 0.8 पट आडवा जोर येतो आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधलं ऑइल 39 अंशांनी तिरकं चढतं. सक्शनची नळी उघडी पडते. दोन सेकंद पंप हवा ओढतो आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बिग एंड बेअरिंग कोरडं. फियाटची लाल बत्ती पेटेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून काट्याचा मीटर. चेंबरमध्ये सक्शनभोवती दीड मिलिमीटर पत्र्याचा खोका वेल्ड करायचा. त्याच्या झडपा आत उघडतात, बाहेर नाही. ऑइल वरच्या खुणेपर्यंतच. ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून लिटरभर जादा घातलं तर क्रँक त्याचं ताक घुसळते आणि फेस बेअरिंगला तेलासारखा सांभाळत नाही.

[दृश्य: वर्कशॉप. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उलटं ठेवलेलं, काचेच्या पट्टीतून सिरिंजने पातळ तेल.]

आता इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिलिमीटर. एका सिलिंडरचा वाटा 272.4 सीसी. 8 चं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण आठव्या हिश्शात दाबायचं, तर पिस्टन वर असताना उरलेली जागा 38.9 सीसी, 9 हवं तर 34. कमी करायचे जवळपास पाच सीसी. हेडमधल्या ज्वलनाच्या चेंबरचं तोंड समजा 35 चौरस सेंटिमीटर असेल, तर हेड एक मिलिमीटर तासल्यावर साडेतीन सीसी कमी होतात. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर. अनेक गाड्यांची हेडं आधीच दोनदा फेसिंग झालेली असतात, म्हणून आकडा पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक हेड सिरिंजने मोजावं लागतं, आणि गॅस्केटची जाडी धरून.

हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, हेड कसून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायची. पुन्हा उघडून मातीची जाडी मोजायची. सगळ्यात पातळ जागी दोन मिलिमीटर तरी हवी. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडही आता लांब पडतात; त्या कमी कराव्या लागतात किंवा रॉकरच्या खांबाखाली पत्री घालावी लागते.

बोअर एक मिलिमीटर वाढवला तर 1122 सीसी होतात. इटलीत याच इंजिनाचा 72 मिलिमीटर बोअरचा, 1221 सीसीचा भाऊ होता. त्या भरवशावर कुर्ल्याचा ब्लॉक 72 पर्यंत खोदणारे भेटतात. भिंतीची जाडी न मोजता हे करू नये. पाण्याच्या बाजूने गंजलेला ब्लॉक पातळ होतो आणि फुटतो तोही भर सरळ रस्त्यावर.

आरपीएमचा मोह त्याहून वाईट. 4800 वर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 12 मीटर, 6000 वर 15. ऐकायला चौथाईची वाढ. पण कनेक्टिंग रॉडवरचा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 56 टक्के. या क्रँकला मेन बेअरिंग तीनच. इथे सगळ्यांनी 5800 ची लाल रेघ आखलीय. मीटरवर नेलपेंटने.

कार्बोरेटरचं काम आजच्या पेट्रोलने वाढवलंय. ई-20 ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, हवेच्या मानाने इंधन आठ टक्के जास्त लागतं. जेटमधून येणारं पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून 120 चा मेन जेट असेल तर 125: व्यासात चार टक्के, क्षेत्रफळात साडेआठ. पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइपही इथेनॉलला टिकणारे हवेत. मग सरळ रस्त्यावर पूर्ण ऍक्सिलरेटरवर इंजिन बंद करून, क्लच दाबून, गडगडत पिटमध्ये यायचं आणि प्लग खोलायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, हेड जाणार. काजळी असेल तर जास्त. बिस्किटाचा रंग हवा.

[दृश्य: गाडीच्या आतून. उघडा पत्रा, पिंजरा.]

पिंजऱ्याबाबत इथे कोणी चेष्टा ऐकून घेत नाही. एफआयए या जागतिक मोटर शर्यत संघटनेच्या मापाप्रमाणे मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपची, बाकीचे दांडे 38 चे. फर्निचरचा पाइप दिसायला तसाच असतो, पण पलटी झाल्यावर शिवणीवर उलगडतो. पायाखाली तीन मिलिमीटरची, किमान 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट. फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणून गंजलेल्या तळाला पिंजरा ठोकला तर तो खाली उतरून येतो. आधी तळ नवा, मग पिंजरा. पेट्रोलची टाकी डिकीत, तेव्हा मागच्या सीटमागे पत्र्याची बंद भिंत. डुक्कर फियाट आणली तर आणखी एक काम: पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे कडी सुटली की वारा दार फाडून उघडतो. चामड्याचा पट्टा आणि बक्कल.

[दृश्य: डाव्या हाताने गिअर. किंचाळ.]

किंचाळला तो पहिला गिअर. त्याला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी, नाही. शर्यतीत सुटतानाच तो लागतो, नंतर दुसरा-तिसरा-चौथा. स्टिअरिंगखालच्या दांड्यांचे बुश झिजले की दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना दांडा मधेच अडकतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये वळणात शिरते. बुश स्वस्त आहेत. प्रत्येक दौऱ्याआधी नवे.

टायर थंड असताना 28 पीएसआय. रबर तीस अंशांनी तापलं की आतला दाब चारने वाढतो. म्हणून सकाळचा आकडा कामाचा नाही, सत्रातून आल्या-आल्या मोजलेला खरा.

[दृश्य: सुरुवातीची रेषा. एकेक गाडी सुटते.]

गाड्या एकत्र सुटत नाहीत. सकाळच्या फेऱ्यांत ज्याची वेळ 2 मिनिटं 48 सेकंद आणि ज्याची 2 मिनिटं 40, त्यांच्यात सहा फेऱ्यांना 48 सेकंदांचं अंतर. संथ गाडी तेवढी आधी. हिशेब बरोबर असेल तर सगळ्या शेवटच्या वळणावर एकत्र येतात. सकाळी मुद्दाम हळू चालवणारे असतातच. त्यांच्यासाठी नियम असा की जाहीर वेळेपेक्षा दोन टक्क्यांहून जोरात फेरी मारली तर निकालातून नाव कापलं.

[दृश्य: झेंडा. पाचपैकी चार गाड्या. पाचवी दोरीला बांधून.]

पाचवीचा इग्निशनचा कंडेन्सर गेला. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. जुना, चालताना काढून ठेवलेला एक ग्लोव्ह बॉक्समध्ये हवा. शेजारी पॉइंट, रोटर, फॅन बेल्ट, पंपाचा डायफ्राम, व्हील सिलिंडरची रबरं.

शेवटची फेरी ब्रेकला पाय न लावता, चौथ्या गिअरमध्ये, ड्रममधून वारा जाऊ देत. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही: गरम ड्रम शूजवर आवळत निवतो आणि वेडावाकडा होतो. चाकांखाली विटा.

[दृश्य: ओल्या बोटाचा एक थेंब ड्रमवर. चुर्र.]

अजून नाही. अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं, मग चाक खोलायचं.