कॉम्प्युटर उघडेना? थांबा, फॉरमॅट मारू नका! | बूट पेनड्राइव्हने डेटा कसा वाचवायचा

नमस्कार मंडळी. आज पंखा बंद ठेवलाय, कारण मागच्या व्हिडिओत माझ्यापेक्षा पंखाच जास्त बोलत होता असं निम्म्या लोकांनी लिहिलंय. बाहेर 43 आहे. त्यामुळे घाम दिसला तर समजून घ्या, सोलापूर आहे.

विषय तुमचाच. उन्हाळ्यात हा प्रश्न जरा जास्तच येतो. लाईट जाते, येते, परत जाते, आणि नेमकं तेव्हाच विंडोजचं अपडेट चालू असतं. मग निळा स्क्रीन, नाहीतर नुसतं गोल फिरणारं चक्र. "दादा, पीसी चालूच होईना, आत मुलीच्या बारशाचे फोटो आहेत, काय करू?" आणि त्याच्या खाली कोणी शहाण्याने उत्तर दिलेलं असतं: "फॉरमॅट मार." म्हणजे डिस्कच पुसून टाक! अरे बाबांनो!

बूट होणं म्हणजे कॉम्प्युटर सुरू होणं. आता बूट डिस्क म्हणजे काय ते पटकन सांगतो, बहुतेकांना माहीत असेल. कॉम्प्युटर म्हणजे मालाने भरलेला ट्रक. ट्रक धड आहे, माल धड आहे, ड्रायव्हर तेवढा आजारी पडलाय. ड्रायव्हर म्हणजे विंडोज. बूट डिस्क म्हणजे तासाभरासाठी आणलेला बदली ड्रायव्हर. तो पेनड्राइव्हवरून रॅममध्ये येऊन बसतो, तुमच्या हार्डडिस्कवर तुम्ही सांगितल्याशिवाय काही लिहीत नाही. पूर्वी हेच काम विंडोज 98 ची फ्लॉपी करायची, 1.44 एमबीची. मग सीडी आली, आता हा 8 जीबीचा पेनड्राइव्ह.

बनवायचा कसा? दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर. शेजाऱ्याचा चालेल. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, तिची आयएसओ फाईल (अख्खी सिस्टीम एका फाईलमध्ये) उतरवा, साधारण 3 जीबी, फुकट. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो आधी रिकामा करा. आणि आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. हे मी मागे दोनदा सांगितलंय, तरी रोज एक कमेंट असतेच.

आता पेनड्राइव्ह बंद कॉम्प्युटरला लावा आणि पॉवर दाबल्या दाबल्या बूट मेनूची, म्हणजे कशावरून चालू व्हायचं त्या यादीची, की टकटक दाबत राहा. एकदा दाबून वाट बघू नका, निसटतं. डेल आणि लेनोव्होला एफ12, एचपीला एफ9, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. घरी असेंबल केलेला असेल तर मदरबोर्डवर आहे, गिगाबाइटला एफ12, एमएसआयला एफ11. यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्यापुढे यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करायची नवी पद्धत) लिहिलंय ते घ्या.

[इथे स्क्रीन रेकॉर्डिंग]

हा बघा मिंटचा डेस्कटॉप. विंडोज मेलंय, तरी कॉम्प्युटर चालू आहे. आणि इथे एक आयकॉन आहे: "इन्स्टॉल लिनक्स मिंट". बोट बाजूला! माझा आजचा सगळा व्हिडिओ या एका आयकॉनसाठी आहे. आपण इथे काही बसवायला आलेलो नाही. आपण माल उतरवायला आलोय.

का ओरडतोय सांगतो. मी अकरावीत होतो. मामाचा टॉवेलचा छोटा कारखाना, एमआयडीसीत, ऑफिसात विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर. एक दिवस तो उघडेना. मामा म्हणाला, "तुला कळतं ना यातलं?" कळत काही नव्हतं, पण माझ्याकडे एक्सपीची सीडी होती. सीडी टाकली, एफ8 दाबून अटी मान्य केल्या, पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी आली. डी दाबलं, म्हणजे तो भागच पुसायला सांगितलं, मग खात्री करायला त्याने एल मागितलं, तेही दाबलं. तासाभरात नवा कोरा एक्सपी. मी छाती काढून बाहेर आलो. मामाने "माय डॉक्युमेंट्स" उघडलं. रिकामं. कारखान्याचे हिशेब वहीत होते म्हणून वाचले. पण संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आजीचे काढलेले फोटो त्यातच होते. ती आजीची शेवटची संक्रांत. मामा मला कधी काही बोलला नाही, तेच जास्त लागतं.

तर, तुमचा डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, हे सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं. "मी फक्त सी फॉरमॅट केला" म्हणणारे लोक त्यातच फसतात. मामाच्या भाषेत सांगायचं तर माग बंद पडला म्हणून बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावरचं, सूत कोणी कापून टाकतं का? आधी मोटार बघतात, पट्टा बघतात.

अजून पटत नसेल तर 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडल्या, विमानतळांवर रांगा लागल्या. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच चालू करून) किंवा बाहेरून बूट करून एक फाईल काढायची. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं टूलही दिलं. एका फाईलसाठी अख्खी डिस्क पुसायची नव्हती.

बरं, मिंटमध्ये परत या. फाईल्सचं फोल्डर उघडा, डावीकडे तुमची डिस्क दिसेल, आत "यूजर्स", त्यात तुमचं नाव. दुसरी बाहेरची हार्डडिस्क लावा आणि कॉपी करा. कट नाही, कॉपी!

कधी कधी डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडते, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. तुम्ही शटडाउन करता तेव्हा ते अर्धवट झोपलेलं असतं. घाबरू नका, कॉपी करायला वाचता आलं की पुरे. डिस्कवर कुलूप दिसलं तर ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं. त्याची 48 आकडी रिकव्हरी की बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, फोनवरून लॉगिन करून बघा. की नसेल तर मला कमेंट करून उपयोग नाही, खरंच नाही.

आणि डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पेनड्राइव्ह नको, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) तर मुळीच नको, ते मरणाऱ्या डिस्कला पळवण्यासारखं आहे. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एक युक्ती विंडोजच्याच बूट पेनड्राइव्हची, कारण लिनक्स म्हटलं की काहींना घाम फुटतो. त्यात इन्स्टॉलऐवजी "रिपेअर" लिहिलेला पर्याय निवडा, ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची काळी खिडकी, उघडा, आणि टाइप करा नोटपॅड. हो, साधं नोटपॅड! फाईल, ओपन, खाली "ऑल फाईल्स". त्या छोट्या खिडकीत राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट चालतं. फक्त ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी दिसेल. पहिल्यांदा हे मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "काय बे, एवढ्यासाठी पाचशे रुपये दिले होते मी."

कॉपी झाली, दोन-चार फोटो उघडून खात्री केली, की मग त्याच ट्रबलशूटमधलं स्टार्टअप रिपेअर करा. नाहीच जमलं तर मग, हां, आता मारा फॉरमॅट. आता मी अडवणार नाही.

ज्यांचा बूट मेनू येत नाही त्यांनी मॉडेल आणि कोणती की दाबली ते दोन्ही लिहा. नुसतं "होत नाही" लिहिलं तर मी काय ओळखू? आणि माझ्या मागे भिंतीला लावलेली चादर कुठून घेतली हे विचारणारे एकवीस जण: सोलापुरी आहे, आवाज घुमू नये म्हणून लावलीय, आणि ती विकायची नाही.