जुनं एअर पिस्तूल रेंजवर कसं पारखावं
(साताऱ्यात नवोदित नेमबाज आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये आणि मनू भाकरनं 10 मीटर एअर पिस्तुलात पदक घेतलं. तेव्हापासून घराघरांत पोरांचा हट्ट सुरू आहे. नवं स्पर्धेचं (मॅच) पिस्तूल परवडत नाही, मग कुणाचं तरी वापरलेलं, आखूड नळीचं, 'कॉम्पॅक्ट' पिस्तूल स्वस्तात मिळतं म्हणून निरोप येतो. घ्यावं का? घ्यावं, पण एक लक्षात ठेवा. या पिस्तुलाची नळी सहसा झिजत नाही. शिशाचा मऊ छर्रा सेकंदाला 150 मीटरच्या आसपास वेगानं जातो, त्यानं पोलाद काय झिजणार? म्हातारं होतं ते आतलं रबर, दाबाची हवा भरायचा सिलिंडर आणि हवेचा दाब सारखा राखणारा रेग्युलेटर. म्हणून नळीत डोकावून 'आरशासारखी आहे' म्हणणाऱ्या विक्रेत्याला मान डोलवा आणि सिलिंडर हातात घ्या.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेला चालत नाही, आणि मुदतीत आहे की नाही हे बघणं नेमबाजाचीच जबाबदारी असते. तेव्हा पिस्तूल स्वस्त असेल, पण त्याला बसणारा नवा सिलिंडर मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारून ती रक्कम किमतीत धरा. फार जुन्या मॉडेलचा सिलिंडरच मिळेनासा होतो, मग ते पिस्तूल शोकेसमध्ये ठेवायचं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुलंही येतात. त्यांच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. 20 अंशाला तो 57 बार (बार हे दाबाचं माप) असतो, आणि 31 अंशाच्या वर तो द्रवरूपात राहतच नाही. सांगलीच्या एप्रिलात सकाळचा आणि दुपारचा नेम वेगळा लागेल.

गळती बघायची तर सिलिंडर 200 बार भरून पिस्तुलाला लावा, आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. मात्र दुपारी 30 अंशात भरलेला सिलिंडर पहाटे 15 अंशाला 190 दाखवेल. ती गळती नव्हे, थंडी आहे. दुपारी पुन्हा बघा. खरंच गळत असेल तर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा सांगतील. बहुतेकदा दोष ओ-रिंगचा, म्हणजे जोडातल्या रबरी कडीचा निघतो. तिथं शिवणयंत्राचं तेल घालू नका. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

आता रेंजवर. आल्याआल्या नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) आहे का बघा. तो पूर्ण नळीतून बाहेर दिसला पाहिजे. मग ट्रिगर. नियमानं तो ओढायला किमान 500 ग्रॅम लागले पाहिजेत. हवा भरलेली, पिस्तूल कॉक केलेलं (झाडायला सज्ज), नळी उभी, आणि वजन ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवून टेबलावरून हळू उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या सिअरमुळे (ट्रिगर सुटेपर्यंत अडवून धरणारा खटका) आज 505 वर पास झालेलं पिस्तूल परवा नापास होतं, म्हणून 515-520 ला ठेवावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छर्रा न घालता कॉक करा, नळी टार्गेटकडेच ठेवून मुठीवर तळहातानं थापट्या मारा. आपोआप सुटलं तर सौदा तिथंच संपला. 'स्क्रू थोडा आवळू' हे ऐकूनच घेऊ नका.

क्रोनोग्राफ मिळाला तर दहा छर्ऱ्यांचा वेग मोजा. वेग सेकंदाला पाच मीटर कमी-जास्त झाल्यानं कागदावर जेमतेम दीड मिलीमीटर फरक पडतो. त्यानं गुण जात नाहीत. पण हा आकडा पिस्तुलाची नाडी आहे. दहा मिनिटं पिस्तूल नुसतं ठेवा आणि मग पुन्हा झाडा. पहिला वेग उरलेल्यांपेक्षा लक्षणीय वेगळा आला, तर रेग्युलेटरचं सील दाब धरून ठेवत नाही. प्रत्येक छर्ऱ्यागणिक वेग उतरत गेला, तर दाब पुन्हा भरायला रेग्युलेटर उशीर लावतोय. दोन्ही दुरुस्त होतं, पण किमतीत वजा करून घ्या.

ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका, सगळ्यात शेवटी बघा, आणि हातानं मुळीच नको. हातानं मारलात तर स्वतःची परीक्षा होते, पिस्तुलाची नाही. पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून पाच-पाच छर्ऱ्यांचे पाच ग्रुप काढा. एकाच ग्रुपवर भाळू नका. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलीमीटर व्यासाचं, छर्रा 4.5 चा. नुसता स्पर्श झाला तरी दहा मिळतो, म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून 8 मिलीमीटरपर्यंत चालतं. शिकंज्यात केंद्र ते केंद्र 6 मिलीमीटरचा ग्रुप देणारं पिस्तूल तुमच्या पोराला बरीच वर्षं पुरेल. ग्रुप फाकला तर आधी 4.49, 4.50, 4.51 असे डोक्याच्या वेगवेगळ्या मापांचे छर्रे घालून बघा, मग नळी पुसा. नळीला दोष देण्याची घाई नको.

कॉम्पॅक्टबद्दल एवढंच: पुढचं वजन कमी असल्यानं बारीक मनगटाला ते सोपं जातं, पण नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर घटतं. साइट 0.2 मिलीमीटर सरकली, तर दोन साइटमध्ये 360 मिलीमीटर असताना टार्गेटवर चूक साडेपाच मिलीमीटरची, 300 असताना पावणेसातच्या आसपास. टार्गेटच्या कड्यांतलं अंतर 8 मिलीमीटर आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

आणि मूठ. आधीच्या मालकानं लाकडाला पुट्टी लावून, घासून स्वतःच्या हाताची केलेली असते. ती तुमच्या पोराच्या हाताला बसेलच असं नाही. डावखुरं पोर असेल तर उजवी मूठ फुकट मिळाली तरी निरुपयोगी. कागदपत्रांचं म्हणाल, तर 4.5 मिलीमीटर नळी आणि 20 जूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 150 मीटर वेगानं साडेपाच जूलच देतो. तरीही पावती घ्या आणि तिच्यावर पिस्तुलाचा क्रमांक लिहून घ्या. स्पर्धेला परगावी जाताना वाटेत कुणी पिशवी उघडायला लावली की तीच दाखवायची.