शिशाचे गोळे आणि पृथ्वीचं वजन

मंडळी, गुरुत्वाकर्षण म्हटलं की सफरचंद आलंच. त्या फळाने आपलं नुकसानच केलंय, असं माझं मत आहे. पृथ्वी वस्तूंना खाली ओढते, एवढ्यावर आपण थांबतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेला नियम त्याच्या बराच पुढचा आहे. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. या सभागृहात तुम्ही आणि तुमच्या शेजारी बसलेले गृहस्थ, तुम्हीसुद्धा एकमेकांना ओढताय!

मग खुर्च्या एकमेकींवर आदळत का नाहीत? कारण ही ओढ हसू यावं इतकी क्षीण आहे. साठ-साठ किलोची दोन माणसं मीटरभर अंतरावर असली, तर त्यांच्यातलं बल ढोबळमानाने एका ग्रॅमच्या ४० हजाराव्या भागाच्या वजनाइतकं भरतं. खुर्चीच्या पायाचं जमिनीशी होणारं घर्षण त्याच्या कोट्यवधी पट. पृथ्वी अवाढव्य आहे म्हणून तिची ओढ जाणवते, इतकंच.

ही ओढ मोजायची तर पहिल्यांदा डोंगर आठवला, हे साहजिकच. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तो शेजारी मोठा डोंगर असेल तर किंचित डोंगराकडे कलणार. १७७४ साली नेव्हिल मॅस्कलिन या इंग्लंडच्या राजखगोलशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला मुक्काम ठोकला आणि ताऱ्यांच्या आधाराने हा कल मोजला. दोन्ही बाजूंचा मिळून जेमतेम ११.६ सेकंद निघाला. हे घड्याळातले सेकंद नव्हेत. एका अंशाचे ३,६०० भाग करा, त्यातला एक. त्यावरून पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेचार पट असावी, असा हिशेब चार्ल्स हटन या गणितज्ञाने मांडला. पण डोंगराच्या पोटात कोणता दगड किती, हे कोण सांगणार? खरी मेख तिथे होती.

म्हणून हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने डोंगराऐवजी शिसं घेतलं. उपकरणाची कल्पना मुळात जॉन मिचेल या पाद्र्याची, पण प्रयोग हातून होण्याआधीच तो वारला. कॅव्हेंडिश तेव्हा पासष्टीचा. गडगंज श्रीमंत आणि विलक्षण लाजाळू. लंडनच्या दक्षिणेला क्लॅपहॅममध्ये त्याचं घर होतं, तिथे १७९७-९८ मध्ये हा प्रयोग झाला.

सहा फुटी लाकडी दांडी एका बारीक तारेला आडवी टांगलेली. दांडीच्या दोन टोकांना दोन-दोन इंचांचे शिशाचे गोळे, प्रत्येकी सुमारे पाऊण किलोचे. त्यांच्याजवळ आणायचे फूटभर व्यासाचे, १५८ किलोचे दोन मोठे गोळे, असे की दोघांच्या ओढीने दांडी एकाच दिशेला वळावी. तार पिळली जाते आणि दांडी थोडी सरकते. जरा जाड तार लावल्यावर हे सरकणं सुमारे चार मिलिमीटर भरलं.

आता अडचण बघा. माणूस नुसता खोलीत शिरला, तरी त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलते आणि दांडी तिच्या तालावर नाचायला लागते. म्हणून खोली बंद. कॅव्हेंडिश स्वतः बाहेर. मोठे गोळे बाहेरून दोरीने फिरवायचे आणि भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने दांडीच्या टोकाजवळची मोजपट्टी वाचायची. दांडी स्थिर अशी कधी व्हायचीच नाही, मिनिटामिनिटांचे रेंगाळलेले झोके घेत राहायची.

पण ते झोकेच कामाला आले. तार जितकी नरम, तितका झोका सावकाश. झोक्याला लागणारा वेळ आणि गोळ्यांचं वस्तुमान माहीत असलं, की तार अमुक इतकी पिळायला किती बल लागतं ते गणिताने निघतं. ताणकाटा नाही की वजनं नाहीत, गतीवरून बल! न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचा इतका देखणा वापर मला तरी दुसरा माहीत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, लहान गोळा मोठ्याला ओढतो का? ओढतो, अगदी तेवढ्याच बलाने. पण १५८ किलोच्या धुडाला त्याचं काय!

पुढचं त्रैराशिक सोपं. लहान गोळ्याला पृथ्वी ओढते ते बल मोठ्या गोळ्याच्या ओढीच्या सुमारे पाच कोटी पट. पण मोठा गोळा नऊ इंचांवर, तर पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, तिप्पट झालं की एक नवमांश; हा अंतराच्या वर्गाचा हिशेब घातला की पृथ्वीचं वस्तुमान हातात येतं. कॅव्हेंडिशने ते घनतेत सांगितलं: पाण्याच्या ५.४८ पट. त्याच्याच आकड्यांची बेरीज-सरासरी नीट केली तर ५.४५ येते, ही चूक पुढे दुसऱ्यांनी पकडली. आजचं मूल्य ५.५१. पायाखालचा नेहमीचा खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन पटीच्या आसपास. म्हणजे पोटात काहीतरी फार जड दडलंय. ते लोखंड आहे, हे कळायला पुढे भूकंपाच्या लहरींचा अभ्यास व्हावा लागला.

कॅव्हेंडिशने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, म्हणजे किती वस्तुमान किती अंतरावरून किती ओढतं हे सांगणारा ठरीव आकडा, मोजला, असं पुस्तकांत सर्रास छापतात. त्याने तसं काही लिहिलेलं नाही. तो स्थिरांक वेगळा काढून लिहायची पद्धत पुढच्या शतकातली. आणि गंमत म्हणजे आजही तो आपल्याला नीटसा माहीत नाही. त्याच्या ६.६७ या पहिल्या तीन आकड्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत, त्यापुढच्या आकड्यावर नामांकित प्रयोगशाळांचीसुद्धा उत्तरं जुळत नाहीत. विजेच्या बलाला धातूच्या पेटीने अडवता येतं. गुरुत्वाकर्षणाला अडवणारी पेटी नाही, त्यामुळे शेजारची भिंत, बाहेर उभी गाडी, पावसाने भिजून जड झालेली माती, सगळं त्या मोजमापात लुडबुड करतं.