बडगा कुणाचा करायचा

(सुरुवातीला ढोल-ताशे, गर्दीचा आवाज. मग हळूहळू निवेदन)

हे जे तुम्ही बघून राहिले ना, ही आमची इतवारी आहे आणि आज तान्हा पोळा. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे मारबत निघते, बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, दोघी नेहरू पुतळ्याजवळ भेटतात तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! (ईडापीडा न्यायचं काम पण शेवटी बाईच्याच पुतळ्याला दिलंय हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, असो.)

मारबतीमागे बडगे असतात, ते पुरुषांचे पुतळे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, आणि ज्या वर्षी एखादं प्रकरण गाजतं त्या वर्षी बलात्काऱ्याचा. लालभडक डोळे, पिळलेल्या मिशा, गळ्यात चपलांचा हार. पोरं त्याच्यापुढे बेभान नाचतात, मीपण नाचलोय, घसा बसेपर्यंत ओरडलोय. नंतर तो नेऊन जाळायचा, घरी येऊन हातपाय धुवायचे, जेवायचं, झालं.

बडग्याचं तोंड मात्र आपल्यातल्या कुणासारखंच नसतं. शेजारच्या काकांसारखं नाही, आपल्या दोस्तासारखं तर नाहीच नाही.

(दृश्य: पानठेला, संध्याकाळ)

आता इथे या. नाव सांगत नाही, नागपुरात असा ठेला दर चौकात सापडेल. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटणं चालू आहे, चार गाड्या आडव्या लावल्यात, सहा-सात पोरं उभी. एक मुलगी स्कुटीवरून जाते, क्लास सुटलाय, मागे दप्तर. एक जण काहीतरी बोलतो. काय बोलतो ते मी माईकवर सांगणार नाही, तुम्हाला माहीत आहे. बाकीचे हसतात. नीट बघितलं तर बोलणारा मुलीकडे बघतच नाहीये, तो बघतोय दोस्तांकडे, हसले की नाही म्हणून.

मी असाच एका ठेल्यावर उभा होतो तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सोड ना बे, माझ्या बहिणीच्या क्लासमध्ये आहे ते." लगेच सगळे चूप. मला वाटलं, वा, हिंमत केली पठ्ठ्यानं. मग घरी जाताना डोक्यात आलं की ती कुणाच्या बहिणीच्या क्लासमध्ये नसती तर? म्हणजे कुणाची तरी बहीण, कुणाची तरी मैत्रीण असल्याचं ओळखपत्र दाखवलं तरच तिला रस्ता मोकळा. तरी पण बोलला तो, हे मोठंच आहे. मी तर तेवढंही बोललो नव्हतो, मी खर्रा घेतला आणि निघालो.

सरकारचा एक मोठा सर्वे असतो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. 2019 ते 21 च्या फेरीत लोकांना सात कारणं वाचून दाखवली, न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही अशी, आणि विचारलं की यातल्या एकातरी कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं बरोबर आहे का. 44 टक्के पुरुष हो म्हणाले. आणि बायका? 45 टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला होता. ज्यांनी मार खाल्ला त्यातल्या फक्त 14 टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली, बाकीच्या कुठे गेल्या? कुठेच नाही, घरातच होत्या, आपल्या भिंतीपलीकडे.

माझ्या लहानपणी आम्ही मानेवाड्याकडे राहायचो, भाड्याच्या घरात, मधली भिंत एका विटेची. पलीकडून आवाज सुरू झाला की आमचे बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. रिमोटला रबरबँड लावलेला असायचा कारण मागचं झाकण हरवलेलं, आणि बाबा एक एक करून वाढवायचे, पलीकडचा जितका वाढेल तितका इकडचा. कुणी काही बोलायचं नाही. आई पोळ्या लाटायची. दुसऱ्या दिवशी त्या काकू नळावर पाणी भरायला आल्या की आई विचारायची, भाजी काय केली आज. बाबा वाईट माणूस नव्हते हो, आईवर त्यांनी कधी हात उचलला नाही, आणि तेवढंच पुरे असं त्यांना वाटायचं, त्यांनाच काय, अख्ख्या गल्लीला वाटायचं.

(दृश्य: दीक्षाभूमी, सकाळ)

याच नागपुरात 20 जुलै 1942 ला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. हजारो बाया आल्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्यासमोर मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. बायांनी ऐकलं. पण बरोबरीनं राहायचं तर समोरच्यालाही शिकावं लागतं ना, त्याचा क्लास कुणी घ्यायचा?

1991 साली मुंबईत एका पत्रकारानं पेपरात जाहिरात दिली, बायको ही मारायची वस्तू नाही असं मानणारे पुरुष पाहिजेत. 205 जणांनी पत्रं पाठवली. त्यातूनच 1993 ला 'मावा' नावाची पुरुषांची संघटना उभी राहिली, मेन अगेन्स्ट व्हायलेन्स अँड अब्यूज. (नागपूरकर हसतील, आपल्याकडे मावा म्हणजे दुसरंच काही.) मुंबईतच पुढे 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम झाला, त्यात क्रिकेटच्या कोचनाच ट्रेनिंग दिलं, पोरांशी बोला म्हणून. मला हे फार पटलं, कारण चौदा वर्षांचं पोरगं बापाचं ऐकत नाही, मास्तरचं ऐकत नाही, पण कोचनं पॅड बांधता बांधता सांगितलेलं ऐकतं.

आणि आमच्याकडे कोच काय सांगतात? विदर्भानं तीनदा रणजी जिंकली, गल्लोगल्ली अकॅडमी निघाली, आणि कॅच सुटला की अजूनही मैदानावर ऐकू येतं, "बांगड्या भरल्या का बे हातात?" 2017 च्या वर्ल्डकपमध्ये भारताच्या मुली फायनलला गेल्या, त्या संघात नागपूरची मोना मेश्राम होती. तर बांगड्यांचं राहू द्या.

बरं, शिव्या देऊ नका, हसू नका एवढ्यावर पण भागत नाही. पलीकडे मारहाण चालू असेल तर? लोक म्हणतात घरातला मामला आहे, आपण मध्ये पडलो तर आपल्यावरच केस. तर ऐका, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला, आणि त्याच्या कलम 4 मध्ये साफ लिहिलंय की कुणीही, शेजाऱ्यानं सुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारनं नेमलेला माणूस) माहिती देता येते, आणि ती चांगल्या हेतूनं दिली असेल तर देणाऱ्यावर त्यासाठी कसलीही जबाबदारी येत नाही. ताबडतोब पोलीस हवे असतील तर 112, महिलांची हेल्पलाईन 181. एकट्यानं आत घुसून हिरोगिरी करायची गरज नाही, त्यात मार त्या बाईलाच जास्त पडतो, तुम्ही गेल्यावर. दारावरची बेल वाजवा. काहीही मागा. 2008 ला 'बेल बजाओ' नावाची मोहीमच आली होती यावर, टीव्हीवर लागायची जाहिरात, तुम्ही पण बघितली असेल. हात उचललेला माणूस दार उघडायला येतो, तेवढा वेळ हात खाली राहतो. त्या बाईला पण कळतं की बाहेर ऐकू जातंय. नंतर तिला एकटीला गाठून विचारा, काय करू, आणि ती सांगेल तसं करा, आपल्या मनानं तिच्या माहेरी फोन ठोकू नका.

(दृश्य: घराची बाल्कनी, रात्र)

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, भिंती जरा जाड आहेत पण डक्टमधून सगळं ऐकू येतं. मागच्या हिवाळ्यात एका रात्री वरच्या मजल्यावर सुरू झालं. बाबा बातम्या बघत होते. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो, रिमोट नवीन आहे आता, रबरबँड नाही. त्यांनी टीव्ही म्यूट केला. थोडा वेळ तसेच बसले, चित्रं हलत होती नुसती. मग उठले, चपला शोधल्या, गुडघ्याला हात लावून दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "चल ना बे. पण कायले आले विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटलं विरजण मागा.

आईनं वाटी दिली. आमच्या फ्रिजमध्ये तेव्हा दह्याचे दोन डबे भरलेले होते.